भुंग्याचे तास

मी भुंगा बोलतोय. फुलावरचा नव्हे, पलंगाशेजारचा. कागदोपत्री मी ऑक्सिजनचं मशीन. उंचीने गुडघ्याएवढा, खाली चार चाकं, अंगावर पाण्याची एक बाटली. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन पाण्यातून बुडबुडत नळीत सोडायचा, एवढंच माझं काम. भुंगा हे नाव आजीने ठेवलं, माझ्या आवाजावरून.

माझा जन्म कारखान्यातला, पण ते काही आठवत नाही. आठवतं ते आजारी माणसांना मशीन वापरायला देणाऱ्या एका संस्थेची खोली. तिथून मी तीन घरं फिरलो. चौथं आजी-आजोबांचं.

आजीची फुप्फुसं थकली होती. पूर्वी अशा माणसाला हॉस्पिटलच्या खाटेवरच पडून राहावं लागे. मी आलो म्हणून ती घरी आली. नळी सात मीटर लांब. स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचायची, बाहेरच्या दारापर्यंत नाही.

"दाव्याला बांधलंय मला," आजी म्हणायची.

"दावं लांब आहे. चर हवी तितकी," आजोबा म्हणायचे.

डॉक्टर दर बुधवारी फोनच्या पडद्यावर यायचे. आजी त्याआधी केस विंचरून बसायची.

"नाकात नळी, नि भांग कुणासाठी पाडतेस?"

"डॉक्टर देखणा आहे. तुम्ही जरा बाजूला सरका."

आजोबांचा उभा जन्म कापडाच्या गिरणीत माग दुरुस्त करण्यात गेला होता. ते रोज सकाळी बाटलीतलं पाणी बदलत, रविवारी माझी जाळी धूत आणि जाता-येता पाठीवर तळवा ठेवून बघत. "तापला नाहीस ना रे?"

माझ्या पोटात एक चिप आहे. मी किती तास चाललो, ते ती संस्थेच्या ऑफिसात कळवते. तिथली ताई दर सोमवारी फोन करायची.

"आजोबा, रोजचे बावीस तास. छान आहे हं. आजी शहाण्या आहेत, नळी काढत नाहीत."

"शहाणी कसली! मी ओरडतो म्हणून."

एका गुरुवारी दुपारी आजी गेली. मी चालूच होतो. हवा जात होती, घेणारं कुणी नव्हतं. आजोबा शेजारीच वाटाणे सोलत बसले होते. त्यांना कळायला वेळ लागला, कारण माझा आवाज बदलला नव्हता.

मुलगा आला. सगळं उरकलं. डॉक्टरांना त्यानेच कळवलं. निघताना म्हणाला, "बाबा, मशीन परत करायचंय. त्या ऑफिसात फोन करा."

"करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी पाणी बदललं. रेघेपर्यंत भरलं. नळीचं टोक उशीवर ठेवलं आणि माझं बटण दाबलं. मग खुर्चीत बसले. मला वाटलं, रडतील. रडले नाहीत. नुसते बसले.

तो सोमवारच होता. फोन आला.

"आजोबा, मधे तीन-चार दिवस बंद होतं. लाइट गेली होती का?"

"हं."

"आजी बऱ्या आहेत ना?"

आजोबांनी उशीकडे पाहिलं. "आहे तसंच आहे."

पुढच्या सोमवारी ताई म्हणाली, "आता तर चोवीस तास! शाब्बास." आजोबांनी फोन ठेवला आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवला.

डॉक्टरांचं ऑफिस वेगळं, संस्थेचं वेगळं. इकडचं तिकडे कुणी सांगितलं नाही. आणि माझे आकडे चोख होते. असे पाच सोमवार गेले.

सहाव्या सोमवारी ताई चाचरत बोलली. "आजोबा, रागावू नका. हॉस्पिटलात एक बाई आहेत. घरी जायचं म्हणून रोज विचारतात. मोठं मशीन शिल्लक नाही म्हणून अडकल्यात. आजींना लहान मशीन चालेल का? डॉक्टरांना विचारूनच देऊ."

आजोबांनी वाकून माझं बटण दाबलं. बुडबुडे थांबले.

"आजोबा? मशीनचा आवाज थांबला. बंद का केलंत? आजींना त्रास होईल ना!"

"ती गेली."

"अगंबाई! कधी?"

"पाच आठवडे झाले."

मग ताई हळूच म्हणाली, "पण मला रोज तास दिसत होते हो, आजोबा."

"ते माझे होते," आजोबा म्हणाले.

मला न्यायला माणूस आला, तेव्हा जाळी धुऊन वाळवलेली होती, बाटली कोरडी पुसलेली होती. नळी मात्र आजोबांनी दिली नाही. नव्या माणसाला नवीच देतात. जुनी त्यांनी गुंडाळून उशीखाली सारली.

आता मी त्या बाईंच्या घरी आहे. त्या मला नावाने हाक मारत नाहीत. त्यांची सून पाणी बदलते, कधी विसरते. माझं काम तेच, आवाज तोच. मला वाईट वाटतं की नाही, ते सांगता येत नाही. मला तास मोजता येतात.

म्हणून एक सांगणं आहे. माझे आकडे बघून कुणाच्या घरी फोन कराल, तेव्हा आकडे नंतर सांगा. आधी म्हणा, "जरा आजींना फोन द्या."