संत तेर्माचा श्वास

"जोडे काढा! संत तेर्माच्या अंगावर जोडे घालून उभे राहणार का?"

जानेवारीच्या गारठ्यात इटलीतलं अख्खं पेत्राफोस्का गाव रोमन अवशेषांमधल्या दगडी फरशीवर अनवाणी उभं होतं. आणि फरशी खरोखर कोमट होती. बायका रडत होत्या.

भिंतीतल्या भोकाशी गाउदेन्झिओ उभा होता. साधूचा झगा त्याने स्वतःच शिवून घेतलेला. "खाली संत निजलीय! हा तिचा श्वास! ज्याचे पाय तापले त्याचा रोग गेला. आता औषधं टाकून द्या, तिचा अपमान करू नका!"

माझ्या धाकट्या बहिणीने, फिलोमेनाने, इन्शुलिनची पेटी त्याच्या पायाशी ठेवली. परवापासून तिने सुई घेतली नव्हती. ओठ कोरडे पडले होते. गेल्या वर्षी आईनेही हृदयाच्या गोळ्या अशाच तिथे ठेवल्या. फेब्रुवारीत आम्ही तिला पुरलं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. आदल्या दिवशी अवशेषांभोवती फिरले, तेव्हा सगळीकडे गवतावर हिम होतं, फक्त त्या भिंतीमागे नव्हतं. काटेरी झुडपं बाजूला केली तर विटांची कमान, आत ताजी काजळी आणि धुमसणाऱ्या ऑलिव्हच्या बिया. पोलिसांकडे जाता आलं असतं. मला तेवढ्याने समाधान होणार नव्हतं. घरी जाऊन सज्ज्यातली वाळलेल्या मिरच्यांची माळ उतरवली.

आता गर्दीतून सटकून मी ती माळ भिंतीमागच्या निखाऱ्यांवर टाकली आणि परत आले.

"संत काय म्हणते, ऐकतो," असं म्हणत गाउदेन्झिओने भोकाला तोंड लावलं. तिचा श्वास पिण्याचा मान फक्त त्याचा. त्याने छाती भरून श्वास घेतला.

मग जो ठसका लागला! डोळे लाल, नाक गळतंय, झगा तोंडात.

"संत कोपली!" कुणीतरी ओरडलं.

"कोपली नाही, मिरची जळतेय," मी म्हणाले. "मागे येऊन भट्टी बघा. ही फरशी बुटक्या खांबांवर आहे. भट्टीतली गरम हवा खालून फिरते आणि भिंतीतल्या पोकळ विटांतून वर येते. रोमन लोक इथे असेच शेकत न्हायचे."

"आणि इथल्या शिळेवर कोरलेलं संतिणीचं नाव?" म्हाताऱ्या तेर्मामावशीने काठी आपटली.

"शेवटचं अक्षर फुटलंय, मावशी. ते लॅटिन 'तेर्मे' आहे. स्नानगृह."

"म्हणजे बापाने माझं नाव न्हाणीघर ठेवलं?"

आधी ती स्वतःच हसली, मग सगळं गाव. गाउदेन्झिओला ठसक्यापेक्षा ते हसू जास्त झोंबलं.

"पाणी... कुणीतरी पाणी द्या..."

"संत तेर्माकडे माग," मी म्हणाले. "माझ्या आईने शेवटी पाणीच मागितलं होतं."

फिलोमेना हलली नाही. "पण ताई, मला बरं वाटत होतं गं."

"पाय शेकले की बरं वाटतंच. रक्तातली साखर त्याने उतरत नाही. चल, पोट दाखव."

मी पेटी उचलली आणि तिने तिथेच सुई घेतली. मग आम्ही थेट इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर तिला वाचवणं कठीण होतं.

मी सूड घेतला, नाकारत नाही. तुम्हाला माझ्यासारख्या मिरच्या जाळाव्या लागू नयेत. तुमच्या गावात कुणी औषध टाकायला सांगत असेल, तर हात जोडण्याआधी भिंतीमागे एक फेरी मारून या.