काश्मिरी काडीवरचे लाल अंडे

मित्रांनो, मी एक जुने अंडे आहे. कोंबडीचे नव्हे हो! सफरचंदाच्या झाडावर लाल कोळी नावाची कीड असते, तिचे मी अंडे, मोहरीहूनही बारीक. आमचे घराणे पानांचा रस पिते, म्हणून बागवान आमच्या नावाने बोटे मोडतात. खोटे कशाला बोलू, त्यांचे काही चुकत नाही.

माझा जन्म काश्मीरचा. तिकडे दिवस लहान होऊ लागले आणि हवा गारठली, की आमच्या आया पाने सोडून फांदीच्या सालीवर अंडी घालतात. ही अंडी लगेच फुटत नाहीत. आधी पोटभर थंडी खायची, मगच उन्हाच्या उबेने जागे व्हायचे, असा आमचा नेम. सफरचंदाच्या डोळ्यांचेही, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या अंकुरांचेही, तसेच असते.

पण माझ्या नशिबी ती थंडी नव्हती. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. जळगाव जामोदचे भगवंतराव फौजेत होते. दिवाळीच्या रजेवर येताना त्यांनी बायको मंजुळाबाईंसाठी सफरचंदाचे रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले, सालीवर आम्ही भावंडे होतोच. अंगणात रोप लावून ते पुन्हा सीमेवर गेले.

मंजुळाबाईंनी आमचे लाल ठिपके पाहिले आणि त्यांना ते देवीचे कुंकू वाटले. मग काय, आम्हाला कोण पुसून काढणार? रोपाभोवती त्यांनी गोणपाट बांधले, वर जुनी गोधडी घातली, शेजारी शेकोटीही पेटवली.

"काडीले कायले एवढं जपतं वं?" सासू रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"बर्फातून आलं बिचारं. हे फुटलं, म्हंजे ते तिकडं खुशाल हायेत, असं समजीन मी."

चैत्र आला. गावचे कडुलिंब फुटले, रोप मात्र ढिम्म. मंजुळाबाई रोज उठून शेंडा चाचपून पाहत. मीही आतल्या आत सुकत चालले होते.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भगवंतरावच दारात उभे! बाईंनी रडत रडत रोप दाखवले. त्यांनी नखाने साल खरवडली. आत हिरवी होती.

"अवं, हे बर्फात उभं राहणारं झाड. तू त्याले गोधडी घालून निजवलं, मंग ते उठन कसं?"

जेठात शेंड्याला दोन दुबळी पाने आली, तेवढीच. पुढच्या हिवाळ्यात भगवंतराव सीमेवर होते. सातपुड्याचा गार वारा सुटला, तशी बाईंनी गोधडी हातात घेतली, रोपापाशी गेल्या, आणि तशीच परत आणली.

"ते बी थंडीतच हायेत. राहू दे यालेबी," त्या सासूला म्हणाल्या. डोळे मात्र भरले होते.

चैत्रात रोपाचे डोळे उघडले. सगळे नाही, पण पुष्कळ. मित्रांनो, कुणावर माया कराल तेव्हा त्याला काय मानवते, ते आधी पाहा. आमचे विचाराल, तर त्या गोधडीमुळे थंडी मिळाली नाही, आणि माझ्यासकट आम्हा भावंडांपैकी एकही जगले नाही. म्हणून तर त्या झाडाची पाने इतकी स्वच्छ निघाली, आणि मंजुळाबाई अजून समजतात, देवीच्या कुंकवाने झाड राखले.