लाकडी भांड्याला दिवस गेले

साहेब, त्या भोंदूला नावुनिसोले गावात वाट तुम्ही करून दिलीत. सरकारी गाडीतून त्याच्या बरोबरीनं तुम्हीच उतरलात, सभागृहात सगळ्यांत पुढच्या चटईवर मांडी ठोकलीत आणि यांगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेल्या गुंगीच्या पेयाची, पहिली करवंटी घशाखाली घातलीत. फिजीतल्या कुठल्याही गावात पहिली करवंटी मानाच्या माणसाची. ती त्यानं घेतली की पुढच्या कारभाराला त्याचा होकार धरतात. मग तुमच्यामागं अख्खं गाव प्यालं, तर दोष गावाचा कसा?

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध टानोआ, म्हणजे यांगोना कालवायचं पसरट लाकडी भांडं. त्यात ब्रदर सोलोमोने चांदीच्या झारीतून ‘जागृतीचं पाणी’ ओतत होता. पांढराशुभ्र शर्ट, जिभेवर साखर.

“हॉस्पिटलवाले तुम्हाला अँटिबॉडी देतात. कुठं पिकवलेल्या? हॅम्स्टरच्या पेशींत! उंदराचा भाऊ तो! देवानं तुम्हाला माणूस केलं, आणि तुम्ही नसांत उंदीर भरून घेता? अरे, अँटिबॉडी तुमच्या आतच आहेत. झोपल्यात बिचाऱ्या! माझं पाणी त्यांना हलवून उठवतं.”

लोक करवंटी रिकामी करत, टाळ्या वाजवत आणि ब्रदरनं दिलेली कागदी पट्टी जिभेवर धरत. एक रेघ म्हणजे अँटिबॉडी झोपलेल्या. दोन रेघा म्हणजे जाग्या. बघता बघता सगळीकडं दोन-दोन लाल रेघा!

“ताराइवीनी, हे बघ! दोन!” सकिउसा नाचायलाच लागला. साखरेच्या आजारानं त्याच्या पायाला जखम झाली होती.

“नाचू नका मेव्हणे. जखम अजून तशीच वाहतेय.”

“जळतेस होय? तुझी एकच आली म्हणून?”

ताराइवीनीनं आपली पट्टी मुठीत मिटली. तिच्या छातीत गाठ होती. शहरात दर तीन आठवड्यांनी अँटिबॉडीचं सलाईन घेतल्यापासून गाठ आकसत चालली होती. पण पहिल्या बैठकीत ब्रदर म्हणाला होता, “उंदरांनी तुझ्या अँटिबॉडी गुंगवल्यात. ते औषध सोड, मग बघ.” तिनं सलग दोन सलाईनं चुकवली. ब्रदरची बाटली घरी आणून रोज प्याली. रेघ मात्र आजही एकच.

“श्रद्धा कमी पडते,” ब्रदरनं मान हलवली.

घरी जाताना तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एकच रेघ कुणाकुणाची? तिची, तिच्या नवऱ्याची आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याची. चौघंही शनिवारी प्रार्थना करणाऱ्या चर्चची. त्यांना यांगोना वर्ज्य, म्हणून ब्रदर त्यांच्या डोक्यावर नुसता हात ठेवायचा. देवानं श्रद्धा काय यांगोना पिणाऱ्यांनाच वाटली?

तिची भाची अकेनेता शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि फस्सकन हसली.

“आत्या, पुढच्या बैठकीला मी येते. तोवर कुणाला बोलू नकोस.”

पुढच्या बैठकीला टानोआ भरला, झारी रिकामी झाली. कुणी करवंटी उचलायच्या आत ताराइवीनी रिवाजाप्रमाणं वाकून, माफी मागत भांड्यापाशी गेली. ब्रदरनंच दिलेली एक पट्टी तिनं बरोबर आणलेल्या विहिरीच्या पाण्यात बुडवली. एक रेघ. दुसरी टानोआत बुडवली. सगळं सभागृह माना उंचावून बघत होतं.

दोन रेघा!

“ब्रदर, हे भांडं लाकडाचं. ह्याच्या कुठल्या अँटिबॉडी जाग्या झाल्या?”

“अपमान! यांगोनाचा अपमान!” ब्रदर किंचाळला.

“बाई, खाली बस,” तुम्ही दटावलंत, साहेब. आठवतंय ना?

अकेनेता उठली. पिशवीतून औषधाच्या दुकानातलं पाकीट काढून तिनं सगळ्यांसमोर फाडलं. आतली पट्टी हुबेहूब तीच.

“ही गरोदरपणाची तपासणी. हिच्यातली अँटिबॉडी खरी आहे. ती एकच गोष्ट ओळखते, गरोदर बाईच्या अंगातलं एक संप्रेरक. ते औषध म्हणून कुपीत मिळतं. ह्यानं ते झारीतून टानोआत घातलं. तुम्ही प्यालात, ते जिभेला लागलं आणि पट्टीनं ओळखलं. घरी दिलेल्या बाटलीत मी पट्टी बुडवून पाहिली, तर एकच रेघ. नुसतं पाणी.”

“म्हणजे… माझ्या दोन रेघा?” सकिउसाचा आ वासलेला.

“अभिनंदन मेव्हणे,” ताराइवीनी म्हणाली, “तुम्हाला दिवस गेलेत. टानोआलाही.”

हसता हसता लोक चटयांवर लोळले. पण मागून कुणीतरी विचारलं, “आणि उंदराचं काय?”

“अँटिबॉडी कशी घडवायची, तो आराखडा शास्त्रज्ञ हॅम्स्टरच्या पेशीत घालतात,” अकेनेता म्हणाली. “त्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढतात, अँटिबॉडी बनवतात. मग ती गाळून, शुद्ध करून घेतात. लोवोच्या खड्ड्यात तारोचा कंद तापल्या दगडांवर भाजतो, म्हणून आपण दगड खातो का? आणि एवढं करा. कुणी चमत्कार दाखवला की तोच प्रयोग आधी पाण्यावर करा, दगडावर करा. तिथंही चमत्कार झाला, तर समजा की कुणीतरी तुम्हाला बनवतंय.”

ब्रदर दाराकडं सरकला. सकिउसा दारात आडवा बसला, जखमेचा पाय पसरून. तुम्हीही उठलात, साहेब. तेव्हा ताराइवीनी तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. वाकली नाही.

“मी उद्याच्या बसनं हॉस्पिटलला चाललेय. डॉक्टर विचारतील, मधे औषध का सोडलंस? ह्या चुकलेल्या दोन खेपांत गाठ वाढली असेल, तर ती माझ्या अंगात वाढली, तुमच्या नाही. ह्या माणसाला गावात आणण्याआधी त्याची पट्टी कशाची, पाण्यात काय, हे तुम्ही एकदा तरी विचारलं होतं का? हो की नाही, तेवढं सांगा.”