आधी कुत्री का सोडली

निकाल काय लागला ते सगळ्यांना माहितीय रे, पण तो तसा का लागला ते मला सांगू द्या, कारण काल पबमध्ये जो तो म्हणत होता की माझी लोरेलमावशी खोटं बोलली, आणि मी दोन्ही खटल्यांना तिथे होते, तिच्या मागच्याच बाकावर.

तर, लोकर कापणारे काम संपवून गेले ती संध्याकाळ. तिच्या नवऱ्याने, केल्विनने, त्याला काका म्हणायचं मी सोडलंय, मावशीचा हात पिरगाळून मोडला आणि आणखी बिअर आणायला शेडमध्ये गेला. आता मावशी काय करते, तर फोनकडे न जाता तसाच हात धरून अंगणात जाते, बिस्किट आणि रस्टी या दोन्ही कुत्र्यांना साखळीतून सोडते, मग पोलिसांना फोन करते. का, तर आदल्या वर्षी अशाच भांडणात तिने माझ्या आईला फोन लावला होता. केल्विनने ते ऐकलं, बंदूक घेतली आणि साखळीला बांधलेल्या टॉफी कुत्रीला गोळी घातली. टॉफी आठवते ना, एकटी मेंढ्यांचा सगळा कळप फाटकातून आत घ्यायची ती. तेव्हा मावशीने तक्रार केली नाही, त्यामुळे खटला फक्त हाताचा.

पहिल्या वेळी तिने टॉफीचं सगळं सांगितलं. ज्यूरीतला एक दाढीवाला तर डोळे पुसत होता. केल्विन आत गेला, आणि मग अपील. वरचं कोर्ट म्हणालं, ही नुसती मागची हकीकत म्हणून पुराव्यात घेतली खरी, पण ती ऐकून कोणालाही वाटणार, कुत्रीला मारणारा बायकोचा हातही मोडणारच, आणि तसं धरू नका हे न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावलंच नाही. शिक्षा रद्द, खटला पुन्हा, आणि या खेपेला टॉफीचं नाव काढायचं नाही.

मी सरकारी वकीलबाईंवर, पाव्लिचबाईंवर, जाम भडकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या भावाने मागे कुणाची तरी काच फोडली होती ना? उद्या त्याच्यावर चोरीचा आळ आला आणि त्या काचेवरून त्याला आत टाकलं, तर चालेल तुला?" नाहीच चालणार, खरं सांगू.

मावशीला त्यांनी बजावलं होतं, टॉफीबद्दल एक शब्द जरी निसटला तरी ही ज्यूरी घरी जाईल आणि सगळं परत पहिल्यापासून.

आणि केल्विनचा वकील नेमका तिथेच आला. त्याचं म्हणणं, बाई अंधारात कुत्र्यांच्या साखळीत अडखळून पडल्या, तिथेच हात मोडला.

"नवऱ्याने हात मोडला म्हणता, आणि फोन करायच्या आधी कुत्री सोडायला गेलात?"

"हो."

"का?"

मावशीने पाव्लिचबाईंकडे बघितलं. त्या खाली कागदांत बघत होत्या. केल्विन मात्र सरळ तिच्याकडे बघत होता, आणि अख्ख्या खोलीत उत्तर माहीत असलेले आम्ही मोजकेच, त्यात तोही.

"मला ती मोकळी हवी होती," मावशी म्हणाली.

ज्यूरीतलं कोणीतरी हसलं. वाईट नाही रे, आपण प्रेमाने हसतो तसं. तेव्हाच मला कळलं, गेलं सगळं.

तो सुटला. आम्ही गाडीपाशी आलो तर ज्यूरीतल्या निळ्या स्वेटरवाल्या आजी मागून आल्या, गाडीत मागे बसलेल्या बिस्किटला त्यांनी कुरवाळलं आणि मावशीला म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं. तुमचा फार जीव आहे यांच्यावर, दिसतंच ते." मी तोंड उघडणार इतक्यात मावशी म्हणाली, "टेस, दार लाव."

रस्त्यात मी विचारलं, आता तर खटला संपला, आता का नाही सांगितलंस त्यांना?

ती म्हणाली, "चांगली बाई आहे गं. कशाला तिची झोप घालवायची?"

घरी उतरल्यावर तिने आधी अंगणातल्या दोन्ही साखळ्या खुंट्यांसकट उपटल्या. अजूनही दुखणाऱ्या त्या हातानेच. मला हात लावू दिला नाही.