अकरा टाके

"एकेकानं बोला," नर्सबाई म्हणाल्या, पण नववीचा वर्ग ऐकायला तयार नव्हता. आदल्या आठवड्यात शाळेमागच्या मैदानावर सुरे निघाले होते, म्हणून वस्तीच्या दवाखान्यातून बाईंना भाषणाला धाडलं होतं. माणूस नशा करतो, डोकं फिरतं, मग हात उचलतो, असं त्यांनी नुकतंच समजावलं होतं.

"माझ्या काकाचं तसंच आहे," पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला. "गोळी पोटात गेली की घरात कुणाची धडगत नाही."

"मैदानावरचे तर शुद्धीत होते," मागून एक जण बोलला. "कोपऱ्यावर माल कुणी विकायचा, यावरून जुंपली. विकणारे स्वतः शिवतसुद्धा नाहीत."

खिडकीजवळची उंच मुलगी उभी राहिली.

"बाई, तुम्ही उलटं सांगताय. माझ्या दादानं कधी सिगरेटसुद्धा ओढली नव्हती. मागच्या वर्षी त्याला भोसकलं, दुसराच कुणीतरी समजून. मग झोप उडाली. घराबाहेर पडायचं म्हटलं की दारातूनच परत फिरायचा. मित्रानं गोळ्या दिल्या. आमच्याकडे आधी मार आला, नशा नंतर." तिनं बाईंकडे बघितलं. "टाके तुम्हीच घातले होते. अकरा."

बाईंना खांद्यावरची ती जखम आठवली. टाके एका रेषेत आले म्हणून डॉक्टरांनी कौतुक केलं होतं. मुलाचा चेहरा मात्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना. 'भिजवू नकोस,' एवढं सांगून त्याला वाटेला लावलं होतं. टाके काढायला तो परत आलाच नाही, हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भाषण त्यांनी कसंबसं उरकलं. दवाखान्यात परतल्या तरी जिवाला स्वस्थता नव्हती. एका म्हातारबाबांचा जखमी हात सोडून धड हाताला पट्टी बांधायला घेतली, तेव्हा तेच हसले. शेवटी रजा टाकून त्या निघाल्या आणि शाळा सुटताना फाटकाशी मुलीला गाठलं.

"घरी नेशील?"

"दादा बोलणार नाही."

"नाही बोलला तरी चालेल."

दोन खोल्यांचं घर. दादा भिंतीला पाठ टेकून पलंगावर बसला होता, नजर दारावर. बाहेर मोटारसायकल वाजली की उठायचा, पडदा सारून बघायचा, पुन्हा बसायचा.

"टाके काढायला आलात?" त्यानं विचारलं. "मीच काढले. ब्लेडनं."

"झोपतोस कधी?"

"दाराकडे पाठ केली की भीती वाटते. तोंड केलं की डोळा मिटत नाही."

"आणि गोळी घेतल्यावर?"

"दार दिसत नाही."

उद्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येते, असं त्या म्हणाल्या. त्यानं पुन्हा दाराकडे बघितलं. मग त्यांनी दाराचा पडदा बाजूला सारला, खुर्ची उचलली, पलंग आणि दार यांच्या मधोमध ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"दाराकडे मी बघते. तू पड."

मोटारसायकल आली. मागे पलंग करकरला.

"गॅसवाला आहे," मान न वळवता बाई म्हणाल्या.

आणखी एक आली. "शेजारचे कामावरून आले."

तिसरी गेली तेव्हा मागून काहीच आवाज आला नाही. आतल्या खोलीत भांडी घासणाऱ्या त्याच्या आईनं नळ बंद केला. बहीण दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी होती. बाईंच्या पायाला मुंग्या आल्या, पण खुर्ची वाजेल म्हणून त्यांनी तो हलवला नाही.