मोठीचा कोपरा

चिरलेला कांदा आईने ट्रेमध्ये ओतला आणि हाताने सगळीकडे पसरवला. उजव्या कोपऱ्यातही. त्यावर बटाटे, गाजरं, कोंबडीच्या तंगड्या, तेल, मीठ, मिरपूड. ओव्हनचं दार लावून ती ओट्याला टेकून उभी राहिली. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत लोकांना "श्वास रोखा", "सोडा" असं सांगून आल्यावर यापेक्षा अवघड काही तिला जमलंही नसतं.

उजवा कोपरा मोठ्या मुलीचा. कांदा दिसला की ती नाक मुरडायची, म्हणून तेवढ्या जागेत कधी कांदा पडला नव्हता. गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मोठी गेली. त्यानंतरही आईचा हात त्या कोपऱ्याशी येऊन थांबायचा, आणि तिथले बटाटे ट्रेमध्येच वाळून जायचे. सुरुवातीला ती रडली. आता रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कुणी काही विचारलं तर उत्तर तेवढं तोंडातून निघायचं.

सकाळी नवऱ्याने लिफ्ट दुरुस्तीची पिशवी खांद्याला अडकवत एवढंच म्हटलं होतं,

"धाकटीशी बोल जरा. आपल्याला अजून एक मुलगी आहे. तीही हातची जाईल अशाने."

बोलायचं काय, ते तिला दिवसभर सुचलं नाही. म्हणून संध्याकाळी तिने कोपरा मोडला.

जेवायला बसल्यावर नवऱ्याने ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि बटाटे वाढून घेतले.

"छान भाजलंय," तो म्हणाला. "आमच्या लिफ्टपेक्षा तुझा ओव्हन भरवशाचा."

कुणी हसलं नाही. तिने धाकटीच्या ताटात नेहमीसारखा भरपूर कांदा वाढला. धाकटीला कांदा आवडतो, हे घरात कधीचंच ठरून गेलं होतं. पोरगी एरवी घासागणिक पाणी पीत सगळं संपवायची. आज मात्र ती बोटांनी एकेक पाकळी उचलून ताटाच्या कडेला ठेवत होती.

"हे काय? तुला आवडतो ना?"

"नाही आवडत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीने खांदे उडवले. "बिनकांद्याचा कोपरा एवढासाच. ताईलाच पुरायचा नाही."

"आणि नंतर?" बाबाने हळूच विचारलं.

"नंतर आई तिथे हात लावू द्यायची नाही."

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. आई त्या पाकळ्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ही पोरगी पाण्याबरोबर कांदा गिळत होती आणि आपण कौतुकाने वाढत होतो. तिला राग आला. स्वतःचाच, पण खराखुरा, कानशिलं तापवणारा. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

"आण इकडे," ती म्हणाली आणि धाकटीच्या ताटातला कांदा स्वतःच्या ताटात ओढू लागली.

"अजून काय काय आवडत नाही तुला?"

धाकटीने आधी बाबाकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली.

"बरंच आहे," ती म्हणाली.