एकशे तीस घोडे

गाडी दोघांची होती, दीर-वहिनीची. दिराने आपल्या गॅरेजच्या मागच्या खोलीत जुन्या स्पोर्ट्स कारची ती प्रतिकृती घडवली होती. लोखंडी नळ्यांची चौकट, फायबरचं अंग, वजन जेमतेम सहाशे किलो. चालवणार होती वहिनी. एकेक गाडी घाट चढते आणि सर्वांत कमी वेळ घेणारी जिंकते, त्या शर्यतीत तिने दुसऱ्या नंबरापर्यंत मजल मारली होती. पहिला दर वेळी थोडक्यात हुकायचा.

इंजिनावरून मात्र दोघांचं वाजलं.

"भावजी, एवढासा जीव गाडीचा, आणि त्यात तीनशे घोड्यांचं इंजिन कोंबताय?"

"वहिनी, ताकद कधी कुणाला जास्त झालीय का?"

त्याने हट्टाने एका मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं धूड बसवलं. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट सुटली. त्याला आभाळ ठेंगणं झालं. पण सरावाच्या पहिल्याच वळणावर इंजिनाच्या भाराने जड झालेलं गाडीचं नाक वळेना. वहिनीने जोर लावून वळवलं, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नुसता टेकवला, तर मागची चाकं निसटली आणि गाडी गरगरत टायरांच्या ढिगात घुसली.

वहिनी बाहेर आली.

"निम्मा वेळ मी पाय आखडूनच बसते, भावजी. मग ते घोडे काय कामाचे?"

दिराने गाडीच्या फुटलेल्या नाकाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "किती हवेत, तुम्हीच सांगा."

"शेवटच्या वळणातून पाय न उचलता बाहेर पडता येईल, एवढेच."

ते धूड काढणं त्याच्या जिवावर आलं, पण काढलं. त्या जागी चार सिलिंडरचं, हलकं, एकशे तीस घोड्यांचं इंजिन बसवलं. नाकावर भार नको म्हणून ते चौकटीत मागे सरकवलं. ही युक्ती मात्र त्याची स्वतःची.

शर्यतीच्या दिवशी तो शेवटच्या वळणावर जाऊन उभा राहिला. बड्या गाड्या गुरगुरत यायच्या, करकचून ब्रेक मारायच्या, चाचपडत वळायच्या. मग खालून वहिनीच्या इंजिनाचा आवाज आला. चढा, एकसारखा. वळण आलं. आवाज उतरला नाही. गाडी रुळावर बसवल्यासारखी वळली आणि त्याच्यासमोरून सणकन निघून गेली.

लाउडस्पीकरवर वेळ पुकारली गेली. दिवसातली सर्वांत कमी! संध्याकाळपर्यंत कुणालाच ती गाठता आली नाही.

बक्षीस घेऊन वहिनी आली ती थेट दिराला दंडाला धरून गाडीकडे घेऊन गेली.

"बसा बाजूला."

"मी? अहो, लोक बघतायत!"

"बघू देत की!"

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत होत्या. वहिनी सावकाश घाट उतरत होती, आणि दीर डोळे पुसून, दोन्ही हात उंचावून नुसता ओरडत होता.